वानगी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

माझ्या घरी एक गोधडी आहे. ती मी विकत घेतली नाही, घरातल्या कुणी शिवली नाही आणि कुणी मला मायेने भेटही दिली नाही. तरी पंचवीसहून अधिक वर्षे ती माझ्याकडे आहे. आज तिच्याविषयी बोलायचे आहे. पण त्यासाठी थोडे लांबच्या वाटेने जावे लागेल. आधी ती माझ्याकडे आली कशी, ते सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नोकरी सांभाळून संध्याकाळी एका छोट्या मासिकाच्या कचेरीत बसत असे. मुद्रिते तपासणे, आलेल्या कविता वाचणे, पान कमी पडले की ते भरून काढणे, अशी किरकोळ कामे. त्या मासिकात घरगुती उद्योगांची ओळख करून देणारे एक सदर होते. आपल्या वस्तूबद्दल छापून यावे असे ज्यांना वाटे, त्यांनी वस्तूचा एक नमुना कचेरीत पाठवायचा आणि आम्ही तो पाहून पाच-सहा ओळी लिहायच्या. निवेदनाच्या शेवटी बारीक टायपात एक ओळ असे, 'नमुने परत केले जाणार नाहीत.' लोणची येत, मसाले येत, उटणे येई, मेणबत्त्या येत. लोणचे टेबलावरच संपे. मेणबत्त्या वीज गेली की कामी येत.

एका संध्याकाळी एक बाई कापडी पिशवीतून गोधडी घेऊन आल्या. जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची, चारी बाजूंनी लाल पट्टी लावलेली. किती दिवस लागले, असे मी विचारले. म्हणाल्या, "घरचं सगळं आवरून दुपारीच बसते, त्यामुळं दोन महिने गेले. दादा, चांगलं लिहा हं." मी लिहिले. थंडीचे दिवस होते. संपादक म्हणाले, "इथं कपाटात पडून कसर लागेल, तुम्हीच घेऊन जा." मी घेऊन आलो. त्या वेळी यात काही वावगे आहे असे माझ्या मनातही आले नाही.

आपल्या भाषेत फुकट देण्याला वेगवेगळे शब्द आहेत आणि ते फार विचारपूर्वक वेगळे ठेवलेले आहेत. मोठ्या माणसापुढे ठेवतात तो नजराणा. शेतात नवे काही निघाले की शेजारीपाजारी आणि लेकीच्या घरी पाठवतात तो वानवळा. त्याची परतफेड मागायची नसते. आणि बाजारात शेतकरी पोत्यातले मूठभर धान्य व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवतो ती वानगी. मूठ पाहा आणि पोत्याचा भाव करा, असा त्याचा अर्थ. मूठभर धान्य दिल्याने पोते रिकामे होत नाही, म्हणून वानगी देणे शेतकऱ्याला परवडते. पण गोधडीची मूठ कशी काढायची? तिथे वानगी म्हणजे सगळे पोतेच.

कारागिरांनी आपली वस्तू फुकट देऊन नाव मिळवण्याचा इतिहास मोठा रंजक आहे. त्यातले पहिले ठळक नाव म्हणजे इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुड या कुंभाराचे. हा १७३० साली बर्स्लेम या कुंभारांच्याच गावात जन्मला. लहानपणी देवी आल्या, त्यात गुडघा अधू झाला आणि पुढे १७६८ साली उजवा पाय कापावा लागला. चाक पायाने फिरवणे कठीण झाले, तेव्हा त्याने डोके माती आणि रोगणाच्या प्रयोगांत घातले. दुधाळ रंगाची, हलकी, स्वस्त आणि देखणी भांडी त्याने तयार केली. १७६५ साली शार्लट राणीसाठी त्याच्याकडून चहाचा संच करवून घेण्यात आला. वेजवुडने त्या सगळ्या घडणीचे नावच 'क्वीन्स वेअर' असे ठेवले आणि 'राणीसाहेबांचा कुंभार' अशी उपाधी मिळवली. राणी ज्या थाळीत जेवते, तिच्यासारखी थाळी आपल्याकडेही असावी असे मध्यमवर्गाला वाटणारच. एका दरबाराच्या पसंतीने हजारो घरांची दारे उघडतात, हे त्याने ओळखले.

मग १७७१ साली त्याने त्याहून धाडसी बेत आखला. जर्मनीतल्या राजेरजवाड्यांना, सरदारांना न मागताच भांड्यांची पार्सले पाठवायची. सुमारे हजार पार्सले, प्रत्येकात वीस पौंडांचा माल, सोबत पत्र आणि बिल. आवडले तर पैसे पाठवा, नाही तर माल परत करा. त्या काळच्या वीस हजार पौंडांचा हा जुगार होता. पण बहुतेकांनी पैसे चुकते केले आणि युरोपच्या बाजारात त्याचे नाव झाले.

याच वेजवुडने आणखी एक वस्तू फुकट वाटली, ती मात्र वेगळ्या हेतूने. १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडमध्ये चळवळ उभी राहिली. साखळदंडात जखडलेला, गुडघ्यावर बसून हात जोडणारा एक कृष्णवर्णीय माणूस, असे छोटे पदक वेजवुडने स्वतःच्या खर्चाने घडवले आणि चळवळीच्या लोकांना वाटले. १७८८ साली काही पदके त्याने अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनकडेही पाठवली. एखाद्या उत्तम पुस्तिकेइतका परिणाम हे चित्र करील, असे फ्रँकलिनने उत्तरात कळवले. पुरुषांनी ती पदके तपकिरीच्या डब्यांवर बसवून घेतली, स्त्रियांनी हातातल्या कड्यांत आणि केसांच्या पिनांत. राणीपुढे ठेवला तो नजराणा म्हणावा, जर्मनीला पाठवली ती वानगी म्हणावी. पण या पदकाला मी वानवळाच म्हणेन. एकाच माणसाच्या हातून तिन्ही प्रकार घडले.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. वेजवुड कारखानदार होता. १७६९ साली त्याने एट्रुरिया नावाचा मोठा कारखाना सुरू केला. तिथे कामाची विभागणी होती, साचे होते, एकासारख्या एक शंभर थाळ्या निघत. हजार पार्सले बुडाली असती तर धक्का बसला असता, पण चूल बंद पडली नसती. त्याच्यापाशी पोते होते, म्हणून मूठ देणे शक्य होते.

आता मासिकांकडे येऊ. रुडॉल्फ आकरमान हा जर्मनीतल्या सॅक्सनीचा, खोगीर करणाऱ्याचा मुलगा. घोडागाड्यांचे नमुने काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लंडनला येऊन त्याने स्ट्रँड या रस्त्यावर चित्रांचे आणि रंगसाहित्याचे दुकान थाटले. नेल्सनच्या १८०६ सालच्या अंत्ययात्रेच्या रथाच्या कामातही त्याचा हात होता. १८०९ च्या जानेवारीत त्याने एक मासिक काढले. कला, साहित्य, व्यापार, कारखानदारी, फॅशन आणि राजकारण असे सगळे विषय त्याच्या लांबलचक नावातच होते; लोक त्याला 'रिपॉझिटरी' म्हणत. ते १८२८ पर्यंत चालले.

या मासिकात एक पान असे, की त्यावर चित्राच्या चौकटीत खऱ्या कापडाचे तीन-चार तुकडे चिकटवलेले असत. कापडाचे चित्र नव्हे, कापडच. वाचकाने बोट फिरवून पोत पाहावा, उजेडाकडे धरून रंग पाहावा. शेजारी माहिती असे, की हे कापड कशाला चांगले, सकाळच्या पेहरावाला की संध्याकाळच्या, आणि ते कुठल्या दुकानात मिळेल. कारखानदारांनी आणि व्यापाऱ्यांनी आपले नवे नमुने पाठवावेत, असे आवाहन मासिक करी. नेपोलियनने १८०६ साली युरोपची बंदरे इंग्रजी मालाला बंद केली होती. बाहेरचा बाजार अडलेला, म्हणून घरच्या ग्राहकाला आपल्या देशाच्या कापडाची गोडी लावायची, हाही एक हेतू त्यामागे होता. मासिकातल्या परीक्षणासाठी माल फुकट देण्याची इतकी देखणी रीत मला दुसरी माहीत नाही. पुढे काही वर्षांनी कापडाचे तुकडे चिकटवणे थांबले. पण दोनशे वर्षे झाली तरी जुन्या अंकांतले तुकडे अजून टिकून आहेत आणि त्यांचे रंगही.

त्या वेळी इंग्लंडमध्येही विणकाम बहुतांशी हातमागावरच चाले. १८१३ साली ब्रिटनमध्ये सुमारे २,४०० यंत्रमाग होते असा अंदाज आहे; वीस वर्षांनी, १८३३ साली, ते सुमारे एक लाख झाले. ज्या विणकरांच्या कापडाचे तुकडे त्या पानावर चिकटवले गेले, त्यांतल्या अनेकांचे माग पुढे थंडावले. वाचकांनी पसंती दिलेली वीण तशीच राहिली, फक्त विणणारा बदलला.

आणि येथे आपला संबंध येतो.

जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर १८५० साली मुंबई इलाख्याच्या लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल झाला. काही काळ तो अहमदनगरला होता, नंतर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होता. पुढे लंडनला गेल्यावर इंडिया ऑफिसने त्याला हिंदुस्थानातल्या उत्पादनांची पाहणी करण्याच्या कामावर नेमले. १८६६ साली त्याने एक अजब ग्रंथ तयार केला. अठरा खंड, त्यांत हिंदुस्थानी कापडाचे सातशे नमुने. असे वीस संच. लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या साठ्यातली कापडे कापून, त्यांचे तुकडे करून हे खंड सजवले. पागोटी, लुगडी, धोतरे, लुंग्या, ढाक्याची मलमल, सुती, रेशमी, जरीकाठी असे सगळे. प्रत्येक तुकड्याजवळ चिठ्ठी : हे कापड कशासाठी वापरतात, कुठे होते, लांबी किती, रुंदी किती, वजन किती, भाव काय.

वीसपैकी तेरा संच ब्रिटनमध्ये वाटले आणि सात हिंदुस्थानात. मँचेस्टरसारख्या कापडधंद्याच्या शहरांना ते मिळाले. प्रेस्टन या गिरणगावाला मिळालेला संच तिथल्या हॅरिस संग्रहालयात आजही जपलेला आहे. हेतू लपवलेला नव्हता. हिंदुस्थानी माणूस काय नेसतो, त्याला कुठला काठ आवडतो, पागोट्याला किती लांबी लागते, हे इंग्रज गिरणीवाल्याला घरबसल्या कळावे आणि त्याने तसा माल तयार करून इकडे पाठवावा. यामुळे हिंदुस्थानच्या गरीब माणसालाही स्वस्त कापड मिळेल, असे वॉटसनचे म्हणणे होते. तो अभ्यासू माणूस होता, हे मान्य केले पाहिजे. त्याने ढाक्याच्या मलमलीचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली मोजला, युरोपच्या यंत्राच्या धाग्याशी ताडून पाहिला आणि ढाक्याचा धागा अधिक तलम असल्याचे नोंदवले. इतके प्रामाणिक परीक्षण आमच्या मासिकानेही कधी केले नसेल!

पण त्या चिठ्ठीवर विणकराचे नाव नव्हते. आकरमानच्या पानावर निदान दुकानाचा पत्ता असे. ज्याचा माल, त्याच्याकडे गिऱ्हाईक जाण्याची वाट तरी होती. येथे विणकराला माहीतही नव्हते, की आपण कुणाला वानगी दिली आहे.

हे वाचले तेव्हा मला माझे दादा आठवले. दादा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आमचे घराणे मालेगावच्या मोमीन विणकरांचे. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेतून बरीच विणकर कुटुंबे दख्खनेत उतरली, मालेगावची वस्ती त्यांनीच वाढवली. दादा खड्ड्याच्या मागावर लुगडी विणत. त्यांनी एकदा पदरावर नवी वेल बसवली. तिचा ताणा जुळवायलाच आठ दिवस गेले होते, असे ते सांगत. एक सेठ आले, पदर हातात घेऊन म्हणाले, "मियाँ, हा माझ्याजवळ राहू द्या. मुंबईला दाखवतो, ऑर्डर आणतो." दादांनी दिला. ऑर्डर आली नाही. वर्षभरात तीच वेल यंत्रमागाच्या लुगड्यावर गावच्याच बाजारात आली, निम्म्या भावाने. दादांनी कुणाला दोष दिला नाही. ते फक्त एवढेच म्हणत, "पदर गया, सो गया. पैसे न सही, लौटाता तो."

१९८५ साली हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा झाला. सुरुवातीला त्यात बावीस वाण होते, पुढे ते अकरावर आले. दादा तोवर नव्हते. पण कायद्याने वाण राखता येतो, कुणा एकाच्या पदरावरची वेल राखणे कठीण असते.

आपल्या मराठी नियतकालिकांतही वानगीची एक जुनी रीत आहे. पुस्तकाच्या दोन प्रती परीक्षणासाठी पाठवायच्या. परीक्षण आले तर भाग्य, नाही तर 'साभार पोच' या मथळ्याखाली नाव, पृष्ठे आणि किंमत. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाचीही एका साप्ताहिकात साभार पोच आली होती, माझ्या आडनावातली एक वेलांटी गाळून. काही महिन्यांनी तीच प्रत मला रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांत दिसली. माझ्या अक्षरात 'सस्नेह' लिहिलेली. पाने कापलेलीही नव्हती. मी ती पाच रुपयांना विकत घेतली. तेव्हा वाईट वाटले, पण नुकसान म्हणावे तर काही नव्हते. संग्रहाच्या पाचशे प्रती छापल्या होत्या, एक गेली. लेखकापाशी पोते असते.

एका मराठी कारखानदाराने तर ही रीतच उलटी फिरवली. नांगर आणि यंत्रे तयार करणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. आपला माल मासिकाकडे पाठवण्याऐवजी मासिकच आपल्या दारी काढायचे! शंकरराव किर्लोस्करांनी त्या कारखान्याच्या पत्रकाचे बघता बघता महाराष्ट्राचे आवडते मासिक केले. पण हे मोठ्या कारखान्याला जमते. गोधडी शिवणारी बाई मासिक कुठून काढणार?

फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल खरे लिहिता येते का, हा प्रश्न जगाला पुढे पडलाच. अमेरिकेत १९३६ साली कन्झ्युमर्स युनियन ही संस्था निघाली. तिने नियम केला, की तपासायची वस्तू चारचौघांसारखी दुकानातून विकत घ्यायची. फुकट नमुना घ्यायचा नाही आणि मासिकात जाहिरातही घ्यायची नाही. तो नियम त्यांनी आजवर पाळला आहे. २००९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सांगितले, की इंटरनेटवर वस्तूची शिफारस करणाऱ्याला ती फुकट मिळाली असेल, तर त्याने ते वाचकाला सांगावे. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी अशीच मार्गदर्शिका काढली. पैसेच नव्हे, फुकटची वस्तू, सहल, हॉटेलातला मुक्काम, हेही उघड करावे, असे ती सांगते.

हे सगळे नियम चांगले आहेत. पण ते घेणाऱ्याची, म्हणजे ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून केलेले आहेत. देणाऱ्याचे काय? साबणाच्या कारखान्याने एक वडी दिली, तर त्याचे काही जात नाही. गोधडीवालीने, बुरुडाने, हाताने दागिने घडवणाऱ्या मुलीने एक नग दिला, तर तिचे दोन महिने किंवा दोन आठवडे जातात. दोघांसाठी बारीक टायपातली ओळ मात्र एकच, 'नमुने परत केले जाणार नाहीत.' आजही बचत गटांच्या बायका प्रदर्शनात पाहुण्यांच्या हातात वस्तू ठेवतात, कुणीतरी तिचा फोटो काढून चार शब्द लिहील या आशेवर. ती वानगी आहे, वानवळा नाही, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. हाताने घडवलेली वस्तू अभिप्रायासाठी आली, तर ती पाहावी, लिहावे आणि परत करावी. ठेवून घ्यायचीच असेल तर पैसे द्यावेत. आणि लिहिताना करणाऱ्याचे नाव आणि गाव लिहावे.

हे भाषण लिहायला घेतले तेव्हा मी तो जुना अंक शोधून काढला. गोधडीवर आम्ही सहा ओळी छापल्या होत्या. गोधडी 'सुबक' होती, 'ऊबदार' होती, 'मराठमोळी' होती. किती दिवस लागले ते नव्हते. किती लांब, किती रुंद, ते नव्हते. किंमतही नव्हती. फोर्ब्स वॉटसनच्या चिठ्ठीत निदान एवढे तरी असे. बाईंचे नाव छापले होते, पण पुढे लिहिले होते, 'पत्ता कार्यालयात मिळेल.' ते कार्यालय पुढे दोन वर्षांत बंद झाले. पत्त्यांची वही कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही. आमच्या सहा ओळी वाचून कुणाला गोधडी घ्यावीशी वाटली असेल, तर तो माणूस बंद दारापर्यंतच गेला असेल.

त्या बाई आता सत्तरीच्या पुढे असतील. दुपारी रेडिओ लावून शिवायला बसते, असे त्या म्हणाल्या होत्या, म्हणून इथे सांगतो. गोधडी धुऊन, घडी घालून ठेवली आहे. एका कडेचे टाके थोडे उसवले आहेत, बाकी ती शाबूत आहे. आकाशवाणीच्या पत्त्यावर एक कार्ड टाकले तरी मला मिळेल. हवी असेल तर गोधडी घेऊन मी येईन. नको असेल तर तिची किंमत सांगावी, आजच्या भावाने.